कळलावी लावताना

पाऊस चांगला रुळला की कोकणातल्या गडग्यांवर, घाटउतारावरच्या झुडपांत आणि देशावरच्या बांधांवरील काटेरी वईत एक वेल डोके वर काढते आणि श्रावण-भाद्रपदात तिच्यावर पिवळ्या-तांबड्या ज्वाळांसारखी फुले दिसू लागतात. ही कळलावी. संस्कृत ग्रंथांत तिला अग्निशिखा आणि लांगली अशी नावे आहेत, वनस्पतिशास्त्रात ती ग्लोरिओसा सुपर्बा या नावाने ओळखली जाते, आणि कोकणात काही ठिकाणी तिच्या फुलांना गौरीचे हात असेही म्हणतात. ज्याने हे फूल एकदा जवळून पाहिले, त्याला ते आपल्या दारात असावे असे वाटतेच. मात्र हौसेने कंद आणून लावणारे पुष्कळ जण पहिल्या पावसाळ्यात फुले पाहतात, दुसऱ्या पावसाळ्यात रिकामी कुंडी पाहतात आणि ‘ही आपल्याकडे टिकत नाही’ असे म्हणून तिचा नाद सोडतात. वेल बहुवर्षायू असूनही असे का होते, हे समजून घ्यायचे तर फुलांवरची नजर काढून जमिनीखालचा कारभार पाहावा लागतो. त्याच्याही आधी तिच्या विषाबद्दल बोलायला हवे, कारण घरात लहान मूल किंवा पाळीव जनावर असेल, तर ही वेल लावायची की नाही याचा निर्णय तिथेच होतो.

कळलावी या नावातली ‘कळ’ म्हणजे प्रसूतीची वेण. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून सुइणी या कंदाचा लेप बाहेरून लावीत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. लोकांनी मात्र ‘कळ लावणे’ या आपल्या ओळखीच्या वाक्प्रचाराशी त्याची सांगड घातली आणि ही वेल घरात आणली की भांडणे लागतात असा समज रूढ झाला. मला या समजाचे हसू येत असे. पण त्यामागे थोडे व्यावहारिक शहाणपणही असावे असे आता वाटते. ज्या वनस्पतीचा कंद, पाने, फुले आणि बिया असे सगळेच भाग विषारी आहेत, ती अंगणात नको हे सांगायला भांडणाची भीती घालणे काही वाईट उपाय नव्हता. आयुर्वेदानेही लांगलीला सात उपविषांत बसवले आहे. रुई आणि निवडुंग यांचा चीक, कण्हेर, गुंज, अफू आणि धोत्रा ही तिची सोबतची मंडळी पाहिली की तिचे स्थान ध्यानात येते. कंदाचे तुकडे गोमूत्रात भिजवून त्याचे शोधन केल्याशिवाय तो औषधात घालू नये असा शास्त्राचा दंडक आहे. आपल्या औषधविषयक कायद्यातही विषारी आयुर्वेदिक द्रव्यांची जी वेगळी अनुसूची आहे, तिच्यात लांगलीचे नाव आहे.

हे विष म्हणजे मुख्यतः कोल्चिसिन नावाचे अल्कलॉइड. १८२० साली पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते युरोपातल्या कोल्चिकम या रोपातून प्रथम वेगळे केले. त्याच वर्षी त्यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनाइनही वेगळे केले होते. कोल्चिसिनचे काम कसे चालते हे एकदा कळले, की ते औषध का आहे आणि विष का आहे या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकदमच मिळते. इमारत बांधताना जशी परांची उभारतात आणि काम झाले की सोडवतात, तशी प्रत्येक पेशी आपल्या आत सूक्ष्म नळ्यांची एक परांची सतत बांधत आणि मोडत असते. या नळ्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटांच्या बनलेल्या असतात. कोल्चिसिन या विटांना चिकटते, आणि मग वीट विटेवर बसत नाही. गाउटच्या रोग्याच्या सांध्यात युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक साठलेले असतात आणि त्यांच्यावर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळेच तिथे आग आणि सूज उठते. परांची बांधता आली नाही की या पेशींची धाव मंदावते आणि दुखणे उतरते. २०२३ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी ०.५ मिलिग्रॅमच्या रोजच्या मात्रेला हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठीही मान्यता दिली, तीही याच दाहशामक गुणामुळे.

पेशीला दोन पेशी व्हायचे असले, तरी गुणसूत्रे दोन बाजूंना ओढून नेण्यासाठी हीच परांची लागते. कोल्चिसिन असले की गुणसूत्रे दुप्पट होऊन तशीच अडकून राहतात. वनस्पतींची पैदास करणाऱ्यांनी याचा मोठा उपयोग करून घेतला. बिनबियांच्या कलिंगडाच्या जन्मकथेत दुप्पट गुणसूत्रांचे रोप तयार करण्याची पायरी कोल्चिसिनचीच आहे. माणसाच्या पोटात मात्रेबाहेर कोल्चिसिन गेले, तर ज्या पेशी सर्वांत वेगाने विभागतात त्यांना पहिला फटका बसतो. म्हणून काही तासांतच आतड्यांचे अस्तर बिघडून उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात, मग हाडांच्या मगजात रक्तपेशी तयार होणे थांबते, इतर अवयवही निकामी होऊ शकतात, आणि जो रोगी यातून वाचतो त्याचे केस पुढच्या दोन-तीन आठवड्यांत गळतात. सहज मिळेल असा उतारा यावर नाही. श्रीलंकेत हा कंद रताळे समजून खाल्ल्याने मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. उकडल्याने किंवा भाजल्याने हे विष भरवशाने जात नाही. त्यामुळे ‘घरची वेल आहे, थोडा कंद उगाळून सांध्यांवर घेऊ’ हा विचार कोणी मनातही आणू नये, गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर नाहीच. चुकून काही पोटात गेले, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि सोबत वेलीचा तुकडा पिशवीत घालून न्यावा, म्हणजे डॉक्टरांचा ओळखण्याचा वेळ वाचेल.

हे सगळे वाचूनही ती लावायचीच असेल, तर पहिला कंद हातात घेऊन नीट पाहावा. तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा किंवा काटकोनात वाकलेला असतो. बोटाएवढ्या जाडीच्या दोन भुजा, त्यांवर पातळ तपकिरी साल आणि आत पांढरा, पिठूळ गर. लांगल म्हणजे नांगर, आणि हा आकार पाहिला की लांगली हे नाव ज्याने ठेवले त्याने कंद स्वतः खणून पाहिला होता याविषयी शंका राहत नाही. आता भुजांची टोके पाहावीत. बटाट्याला जसे अंगभर डोळे असतात तसे इथे नसतात. प्रत्येक भुजेच्या टोकाला फक्त एक डोळा असतो आणि त्या भुजेला कोंब यायचा तो तेवढ्यातूनच येतो. टोक मोडले की उरलेली भुजा कितीही टपोरी असली तरी लावण्याच्या कामाची राहत नाही, आणि हा कंद गाजरासारखा कटकन मोडतो. माझ्या गच्चीवरचा पहिला कंद मी असाच घालवला. फेब्रुवारीत कुंडी ओसाड दिसली, आत काही जिवंत आहे की नाही हे पाहावे म्हणून खुरप्याने माती उकरली, आणि खुरप्याच्या पात्याला दोन्ही टोके लागली. कंद अगदी जिवंत होता. मी उकरला नसता तर जूनमध्ये उगवला असता.

या कंदाची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि रोपवाटिकेत ती सहसा कोणी सांगत नाही. जूनमध्ये आपण लावलेला कंद पावसाळाभर वेलीला पोसतो आणि सुकून संपतो. त्याच काळात वेलीची पाने अन्न तयार करून नव्या कोंबाच्या बुडाशी नवा कंद घडवतात. बहुवर्षायू म्हटलेली ही वेल दरवर्षी अशी ताज्या कंदातून उगवते, आणि पुढच्या वर्षीची वेल केवढी होणार हे यंदाची पाने किती दिवस हिरवी राहिली यावर ठरते. फुले कोमेजल्यावर वेल विस्कटलेली, गबाळी दिसते म्हणून जो ती सप्टेंबरअखेर बुंध्यापासून छाटतो, तो पुढच्या वर्षीच्या कंदाच्या तोंडचा घास काढून घेतो. दुसऱ्या पावसाळ्यात रिकाम्या राहणाऱ्या कुंड्यांचे एक मोठे कारण हेच असते. पाने आपोआप पिवळी पडून वाळेपर्यंत, मग ऑक्टोबर सरो किंवा नोव्हेंबर, कात्रीला हात लावू नये.

लागवडीसाठी मेअखेर ते जूनअखेर हा काळ योग्य. रोपवाटिकेतून निदान ५०-६० ग्रॅम वजनाचा, दोन्ही टोके शाबूत असलेला कंद घ्यावा; त्याहून लहान कंद उगवतात, पण पहिल्या वर्षी नुसती पाने देतात. रानातला कंद खणून आणू नये, कारण तिथे कंद काढणे म्हणजे अख्खी वेल काढणे असते, आणि औषधी बाजारासाठी होणाऱ्या खणतीने तिच्यावर आधीच पुरेसा ताण आहे. कंद हाताळताना हातमोजे घालावेत. कुंडी निदान बारा इंच खोल आणि तितकीच रुंद असावी. कळलावीला लागते ती पाणी धरून न ठेवणारी माती: लाल माती किंवा पोयटा, त्यात तिसरा हिस्सा जाड वाळू किंवा बारीक मुरूम, आणि ओंजळ-दोन ओंजळी पूर्ण कुजलेले शेणखत. देशावरची काळी माती पावसात चिखल होऊन बसते आणि कंद आतल्या आत कुजतो. तिथे जमिनीत लावायचे असेल, तर उंच वरंबा करून वरंब्यावरच लावावे. कंद उभा न खोचता आडवा ठेवावा, वर दोन-अडीच इंच माती घालावी, आणि कोंब टोकातून येणार असल्याने टोक कुंडीच्या मध्याकडे राहील असे पाहावे. लावण्यापूर्वी शेतकरी कंद बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून घेतात. कोंब दिसेपर्यंत माती ओलसर असावी, ओली गच्च नसावी. उगवायला दोन-तीन आठवडे लागले तरी धीर सोडू नये आणि उकरून तर मुळीच पाहू नये.

कोंब टीचभर झाला की आधार द्यायचा, आणि कसला आधार द्यायचा हे पाने पाहून ठरवायचे. काकडीला किंवा द्राक्षाला तणावे वेगळे फुटतात. कळलावीच्या पानाचे टोकच लांबून केसासारखे बारीक होते आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळले जाते. हा इवलासा आकडा जाड बांबूला विळखा घालू शकत नाही. बांबू दिला की वेल त्याला टेकून उभी राहते आणि पहिल्या वाऱ्यात घसरून खाली येते, मग आपण ती सुतळीने बांधतो आणि बांधताना नाजूक खोड मोडतो. पेन्सिलीपेक्षा बारीक काटक्या, ताणलेली तार किंवा जाळी हे आधार तिला मानवतात. सर्वांत उत्तम म्हणजे एखादे विरळ झुडूप, कारण रानात ती झुडपातूनच वर चढते आणि तिच्या बुडाशी सावली, माथ्यावर ऊन अशी सोय आपोआप होते. दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळाले तर फुले भरपूर येतात. वाढीच्या काळात महिन्याकाठी मूठभर गांडूळखत पुरते. युरियासारखे नत्र हात सैल सोडून दिले, तर वेल पानांनी माजते आणि कळ्या रुसतात.

लागवडीपासून साधारण दोन महिन्यांत कळ्या दिसतात. कळी हिरवी असते आणि खाली मान घालून उमलते. फूल जमिनीकडे पाहत असते, तर त्याच्या सहा पाकळ्या उलट्या वळून आकाशाकडे जातात. त्यांच्या कडा चुणीदार असतात. पहिल्या दिवशी पाकळी पोपटी-पिवळी असते, मग बुडाशी पिवळी आणि टोकाला नारिंगी होते, आणि शेवटी सगळी तांबडी. एकाच वेलीवर या तिन्ही अवस्थांतील फुले एकदम असतात, म्हणून दुरून ती पेटल्यासारखी दिसते. तमिळनाडूचे हे राज्यफूल आहे. तिथे त्याला कांदळ म्हणतात आणि संगम काळातील कवींनी स्त्रीच्या कोमल बोटांना कांदळाच्या पाकळ्यांची उपमा दिली आहे. त्यांना बोटे दिसली, कोकणातल्या बायकांना गौरीचे हात दिसले. झिम्बाब्वेचे हे राष्ट्रीय फूल आहे, तर ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर तेच उपद्रवी तण ठरले आहे, कारण निचऱ्याची वाळू आणि उबदार पाऊस तिला तिथे हवा तसा मिळाला.

फुले भरपूर येऊनही शेंगा धरत नाहीत, अशी तक्रार ऐकू येते. त्याचे कारण फुलाच्या रचनेत आहे. बीजांडकोशातून निघणारी परागवाहिनी बुडाशीच काटकोनात वळून बाजूला जाते, त्यामुळे तिचे टोक त्याच फुलातल्या परागकोशांपासून दूर राहते. फूल स्वतःचे पराग स्वतःला लागू नयेत अशी तजवीज करून बसलेले असते आणि फुलपाखरांवर किंवा मधमाश्यांवर अवलंबून राहते. तमिळनाडूत दिंडिगुल, करूर, तिरुप्पूर या भागांत कळलावीची शेती बियांसाठीच होते, कारण कंदापेक्षा बियांत कोल्चिसिन अधिक असते आणि औषध कंपन्यांना त्या हव्या असतात. तिथे सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान मजूर फुलाफुलाला हाताने पराग लावत शेतातून फिरतात. घरी हेच काम मऊ कुंचल्याने करता येते: एका फुलाच्या पुंकेसरांवरची पिवळी भुकटी घ्यावी आणि दुसऱ्या वेलीवरच्या ताज्या फुलाच्या आडव्या टोकावर हलकेच टेकवावी. आपल्याला बिया नकोच असतील, तर मात्र हा खटाटोप करू नये. शेंग तडकली की आत लालभडक, डाळिंबाच्या दाण्यांसारख्या दिसणाऱ्या बिया असतात, आणि मुलांच्या हाताला त्याच आधी लागतात; मुले असलेल्या घरात कोमेजलेले फूल शेंग धरण्याआधीच खुडून टाकावे. शिवाय बियांपासून रोप करणे हे चिकाटीचे काम आहे, कारण उगवायला अनेक आठवडे आणि पहिले फूल यायला तीन-चार वर्षे लागतात.

एवढे विष अंगात असूनही कळलावीला एक पक्का शत्रू आहे. काळ्या अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके असलेली एक देखणी अळी जुलै-ऑगस्टमध्ये पानांच्या मागे दिसते. ती लिलीच्या कुळांवर जगणाऱ्या पतंगाची अळी, आणि चार-पाच अळ्या जमल्या तर दोन रात्रींत वेलीची नुसती काडी उरते. पाने गेली म्हणजे पुढचा कंद गेला, हे लक्षात घेता इथे दयामाया परवडत नाही. रोज सकाळी पाने उलटून पाहावीत, अळ्या चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात, आणि लहान असतानाच निंबोळी अर्क फवारावा. शेजारी कुंडीत लिली असेल तर तीही तपासावी, कारण अळ्या तिथूनच येतात.

पाने वाळू लागली की पाणी कमी करत न्यावे आणि वेल पूर्ण वाळली की अजिबात बंद करावे. कुंड्या टिकवण्यातली सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे, कारण शेजारच्या गुलाबाला झारी घालताना हात आपोआप या कुंडीकडेही वळतो. झोपलेल्या कंदाला हिवाळाभर आणि उन्हाळाभर पाण्याची गरज नसते. ओल मिळाली तर तो उगवत नाही, कुजतो. त्यामुळे कुंडी गच्चीच्या आडोशाला, अवकाळी पाऊस पोचणार नाही अशा जागी सरकवून ठेवावी. दोन-तीन वर्षांनी कुंडी भरली असे वाटले, तर डिसेंबर-जानेवारीत माती पूर्ण सुकल्यावर कुंडी आडवी करून सगळा गोळा बाहेर काढावा, माती बोटांनी सोडवावी, आणि वीण वाढवायची असेल तर दोन भुजा कोपऱ्यापाशी वेगळ्या करून कापलेल्या जागी राख लावावी. प्रत्येक भुजेला तिचे टोक शाबूत असले की तिची वेगळी वेल होते. हे कंद कोरड्या वाळूत, स्वयंपाकघरापासून आणि कांद्या-बटाट्यांच्या टोपलीपासून दूर, वर नाव लिहून ठेवावेत. न उकरलेल्या कुंडीतही मी आता एक पाटी खोचून ठेवतो. तिच्यावर ‘कळलावी, विषारी, पाणी घालू नये, उकरू नये’ असे लिहिले आहे, आणि खरे सांगायचे तर शेवटची सूचना इतर कोणापेक्षा माझ्यासाठी आहे.